बटण लावायला आलेली बाई

बटण लावायला आलात, की मला बघायला? — नाही, बसा, बसा, स्टुलावरचे कपडे सारा बाजूला. विचारते एवढ्यासाठी, की परवा चेन बदलायला आलात, काल पँट आखूड करायला, आणि आज शर्टाचं हे बटण. बटण काय, कुणीही घरी लावतं! आणि हे तुटलेलं नाही हो, कापलंय — दोरा बघा, कात्रीने सरळ उडवलाय. मी शिवणकाम करते वहिनी, गवत नाही कापत. पहिल्या दिवशी 'अहो', काल 'मास्तर', आज एकदम 'ताई'. एवढ्या घाईने कुणी नातं जोडायला लागलं, की मी आधी दाराकडे बघते. मागच्या गल्लीत अशीच एक गोडबोली आली होती. काय खाता, कुठे जाता, गोळ्या कसल्या घेता — सगळं पोटात शिरून विचारून गेली, आणि आठवड्यात घरमालक दारात हजर. 'तुमच्यासारख्यांना जागा द्यायची नाही.' मशीन डोक्यावर घेऊन निघाले मी तिथून. म्हणून खरं सांगा — या नव्या मालकाने पाठवलंय ना तुम्हाला? मान काय हलवता? तीही अशीच मान हलवायची.

बरं, विचारा. काय विचारायचं ते विचारा, माझं काही चोरीचं नाही. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेते, अधूनमधून रक्त तपासून. एक गोळी बायकांचं संप्रेरक देणारी, दुसरी पुरुषी संप्रेरक दाबणारी. त्या दुसरीने सारखं लघवीला लागतं — शिवता शिवता उठते मी, ते काल बघितलंतच की, पहाऱ्यावर बसल्यासारख्या बघत होतात. आवाज? आवाज गोळीने बदलत नाही. माझा ऐकताय ना, अजून शटर ओढल्यासारखा. दाढीही आपोआप जात नाही, तिच्या नावाने वेगळा खटाटोप. कातडी मऊ होते, आणि रडू — रडू कशालाही येतं. परवा सुईत दोरा जाईना म्हणून रडले! आणि सगळं कसं, गोगलगाईच्या पावलांनी. आमच्यातल्या कितीतरी जणी एकच वेडेपणा करतात — महिन्याभरात अंग भरेल म्हणून दोन मापं मोठं आतलं घेऊन ठेवतात. माझं होतं ना एक, बिचारं खुंटीवर वाट बघून पिवळं पडलं. हसा, हसा. — काय म्हणालात? दुखतं का? हो, दुखतं. सुरुवातीला तर छातीला उशीचा कोपरा लागला तरी जीव जातो. सैल, सुती घालायचं. मी आतले कपडे उलटे घालते, शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे टोचत नाही. पण — थांबा हं. 'दुखतं का' हे घरमालकाचं माणूस नाही विचारत. सख्ख्या आईने नाही विचारलं मला कधी. ती आपली — जाऊ दे. कुठे ठेवली मी सुई?

तुमच्या घरी कोण आहे, वहिनी? रडू नका, आधी सांगा. मुलगा? कॉलेजात जाणारा? बरं — म्हणजे मुलगी म्हणा, सवय होईल हळूहळू. मग सरळ विचारायचं ना, बिचाऱ्या बटणाचा बळी कशाला दिलात! आणि गोळ्या कोण देतं तिला? कुणीच नाही? मग? — तुमच्या? पाळी वेळेवर यावी म्हणून तुम्हाला दिलेल्या, त्या? पाकिटं लवकर संपायला लागली म्हणून कळलं... आणि एकदम मूठभर घेते, लवकर फरक पडावा म्हणून. अगं बाई! ते औषध वेगळं, आमचं वेगळं, रक्तात गुठळ्या होतात अशाने! तिला काही त्रास? दम लागतो? छातीत दुखतं? नाही ना, नक्की? — पाय? एकच पाय? पोटरी सुजलीय, गरम लागतेय — आणि तुम्ही काय करताय, तेल लावून चोळताय? मुरगळला म्हणून? चोळू नका! अजिबात हात लावू नका त्या पायाला! उद्या नाही, संध्याकाळी नाही, आत्ता न्या तिला, मोठ्या इस्पितळात, आणि डॉक्टरांना गोळ्यांचं सगळं खरं सांगा, लाजायचं नाही, रिकामी पाकिटं बरोबर न्या. त्यांनी नाकं मुरडली तर मुरडू देत, तिथून हलायचं नाही. मी? मी कशाला येऊ? मला बघून तुमचे शेजारी — नाही, मला यात ओढू नका. शर्ट राहू दे इथेच. माझ्या तोंडाकडे काय बघत बसलात? उठा! निघा आधी!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघींना सांगितलं, की मुलीच्या पोटरीत गुठळी होती, पण ती वर फुप्फुसाकडे सरकली नव्हती आणि औषध सुरू झालं आहे. शिवणकामाचं दुकान मात्र त्या दिवशी उघडलंच नाही.