बिलच्या रायफलचा बोल्ट

आता चहा हातात आहे तोवर बिलच्या रायफलचं ऐका.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहायचो. माझ्या गॅरेजात लेथ होता. शेजारचा बिल आमच्याकडे येणाऱ्या मराठी पोरांचं ऐकून मला काका म्हणायचा. हरणांच्या शिकारीचा सीझन दुसऱ्या दिवशी उघडणार होता आणि त्याच्या रायफलची नळी मी बदलून देत होतो. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा, लेथवर सरळ केला, नवी नळी आवळून बसवली. सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, माझं माप चुकत नाही.

सकाळी बिल रायफल न्यायला आला. मी माप तपासायचं खोटं काडतूस आत घातलं आणि बोल्ट दाबला. मिटेना.

"काका, चुकलं वाटतं?"

"गप्प बस."

परत दाबला. तसाच. बिल छताकडे बघत शीळ घालायला लागला. माझं डोकं फिरलं. काडतूस काढलं आणि रायफल उलटी करून थोपटली. आतून तांदळाचे तीन दाणे पडले. कुंकवात माखलेले.

"काका, हिला भूक लागली होती?" बिल हसून हसून फरशीवर बसला. मलाही हसू आवरेना.

मी बायकोला हाक मारली. "अगं, रायफलमध्ये अक्षता कुणी घातल्या?"

ती दारातूनच म्हणाली, "काल खंडेनवमी नव्हती का? इतकी वर्षं तुमच्या पान्यांचीच पूजा केली. एकदा कुठे घरात खरं शस्त्र आलं, तर सोडू होय?"