चंद्रमण्याला गेलेली चीर

न्हाई ताई, गॅरंटी-बिरंटी काही नसती चंद्रमण्याला — खडा हाय तो, पत्र्याचा डबा न्हाई! दिवाळीत ह्याच गादीवर बसून सांगितलं होतं का न्हाई तुमाला? हा बन्सीधर सोनार सांगितल्याबिगर गिऱ्हाइकाच्या हातात अंगठी देतच न्हाई. उकळत्या पाण्यात घालू नका. भांडी घासताना बोटात ठेवू नका — राख सोडा, आपल्या परभणीची धूळसुद्धा त्याला ओरखडती. मळला तर कोमट पाणी, जरासा साबणाचा फेस, मऊ फडकं, बस. बांगड्यांत कोंबू नका, चिंधीत वेगळा ठेवा. घसा कोरडा करून सांगायचं, अन् लोकं चार महिन्यांत फुटका खडा आणून पुढं ठेवतेत, वरून म्हणतेत, खडाच खोटा! खोटा कसा? फिरवून बघा की, अजून निळसर उजेड हालायलाय आत. पापुद्रे असतेत त्याच्या पोटात, एकावर एक. त्यांच्यातनंच उजेड खेळतो, अन् घाव बसला की तिथनंच उकलतो. लय नाजूक जात. आणा इकडं, भिंगातनं बघू द्या.

हां… काय म्हणता, गरम पाण्यानं? न्हाई. गरमीनं तडकला की बारीक बारीक चिरा पडतेत, गोमीच्या पायांसारख्या. ही एकच हाय — ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत, सरळ. अन् हे कोंदण बघा, एका अंगानं पार चेपलंय. चांदी काय गरम पाण्यानं चेपती व्हय? …न्हाणीत पाय घसरला?

न्हाणीत. माझी रुपाली पण हेच म्हणली होती.

पोरगी माझी. पालमला दिली होती. लग्नात असलाच खडा बसवून दिला, ह्या हातानं. आठ महिन्यांनी आली, ही अशीच चीर — तुमी उभ्या हायत ना, तिथंच उभी होती. अन् मी काय केलं? ओरडलो. चार गिऱ्हाइकांपुढं ओरडलो — सोनाराची लेक अन् तुला एक खडा संभाळता येईना? तिनं हात पदराखाली घेतला. चाळीस वर्षं झाली ताई ह्या धंद्यात, मला काय कळत न्हाई? हात चौकटीवर आपटल्याबिगर कोंदण असं चेपत न्हाई. कळलं होतं. कळूनशान मी खड्याचंच बोलत बसलो — खड्याचं बोललं की बाकीचं विचारावं लागत न्हाई. नवा खडा बसवला, एस्टीत बसवून दिलं, म्हणलं, जपून ऱ्हा. पाच महिन्यांनी सासर सोडलं तिनं, मनगट मोडलेलं. अन् आली कुठं? बापाकडं? न्हाई. परभणीच्या स्टँडवर उतरली अन् तिथनंच झरीची गाडी धरली, मावशीकडं गेली, सरजाबाईकडं. दोन वर्षं झाली, तिथं शिलाई करती. मी जातो. मावशी चहा देती, रुपाली मशीन थांबवत न्हाई. वर बघत न्हाई. राग येतो, लय राग येतो — तिचा न्हाई हो. त्या जावयाचा येतो, पण त्याच्यापेक्षा जास्त… जाऊ द्या. मी पण खामखा तुमाला काय सांगायलो.

रडू नका. मी काही विचारत न्हाई. — न्हाई, विचारतो. कोणी केलं?

…बरं. दाराकडं बघायलात, कळलं. बाहेर गाडीवर बसून हॉर्न वाजवायलेत ते तुमचे मालक ना? ऐका, अंगठी हितंच राहू द्या. त्यांना म्हणा, काम किचकट हाय, आठ दिवस लागतेत. अन् बोटाच्या मापाला तुमालाच यावं लागतं, असं सोनार म्हणला म्हणा. माहेरी कोण हाय? भाऊ? ह्या पावतीमागं त्याचा नंबर लिहा. लिहा हो — अक्षर वाकडं आलं तरी चालतं, मला वाचता येतं. शेवटचा तीन का आठ? आठ. बास, फोन मी करतो.

झालंच साहेब, झालंच, आल्याच बाई! — डोळे पुसा. पायरी उंच हाय, खाली बघून उतरा. जा.