शेवटचं गाणं संपल्यावर

ही गेल्यापासून कानाच्या डॉक्टरांकडे मी एकटाच जातो. काल शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते.

"बाबा, फंक मेटल म्हणजे नुसत्या कानठळ्या. आमचा अल्बम तुम्ही खरंच रोज ऐकता?"

"पहिलाच अल्बम तुमचा. ऐकायला नको?"

"मग सांगा, मी काय वाजवते?"

"ते धडाड् धडाड्."

"ते ड्रम, बाबा! मी बेस गिटार वाजवते."

"तेही असेलच की त्यात."

"असेलच म्हणे! बरं, शेवटचं गाणं संपल्यावर माझा आवाज येतो ना, 'पाणी हवंय का?' मी ड्रमवाल्याला विचारत होते, माइक चालूच राहिला. उद्या ते कापून टाकतोय."

"कशाला?"

"लोक हसतात."

"हसू देत. ते राहू दे गं."

"तुम्हाला काय त्याचं एवढं?"

"तू तिकडे राहायला गेल्यापासून घरात दुसरं कोण विचारतं मला? मी 'हो' म्हणतो आणि उठून पाणी पितो."

मग तिने फोन लावला.

"ऐक, शेवटचं ते कापू नकोस. हो, तेच. हसू देत."

आत जाण्याआधी मी तिला अल्बमचं नाव विचारून घेतलं.