काळं दाबलं का रंगीत निघावं

—न्हाई न्हाई, तुझी चावी मी कामून घेईन? मला काय गाडी चालवता येती व्हय? बस त्या इस्टुलावर, सापडंल चावी, चहा सांगितलाय तेवढा पी आधी. घाई कामून करायलास? परभनीहून पाथरीला आलास, ह्यो वायफायचा डबा भिताडाला ठोकलास, त्याचे हिरवे दिवे लागले — लय शोभायलेत — म्हंजी काम झालं व्हय? न्हाई झालं. माझे दोघंबी जेवायला गेलेत तवर मला सांग, ह्यो डबा करनार काय? ऱ्हाऊ दे, मीच सांगते, सकाळधरनं आयकायले मी. ह्या अंगाला माझा थोरला, महारुद्र, त्याच्याकडं रंगीत मशीन. त्या अंगाला धाकला, गोपाळ, त्याच्याकडं काळं मशीन, आन कागद पालथा घातला का कंप्युटरात जातो ते स्कॅनबी त्याच्याचकडं. मधी ही फळी. आजवर थोरल्याला काळं लागलं का पेनड्राइव्ह कुनी न्यायचा? मी. धाकल्याला रंगीत लागलं का? मीच. आता तुझ्या डब्यामुळं ह्यानं हितं बटन दाबायचं, कागद तिकडं निघनार, गिऱ्हाईक आपलं आपन शेजारी जाऊन घेनार. बराबर हाय न्हवं? म्हंजी मी करायले तेच काम तुझा डबा करनार — आन त्याला चहाबी लागत न्हाई.

नाराज? मी कशाला नाराज होऊ? मी तर त्या कामात बेइमानीच करायले. परवा एका नवरदेवाचा बायोडाटा मुद्दाम एका म्हाताऱ्याच्या हातात दिला, सातबारा न्यायला आलता बिचारा. चष्मा लावून सगळा वाचला त्यानं, आन म्हनला, पोरगं बरं हाय, पन माझं वावर कुठं गेलं? — हसू नकू, चहा सांडंल. मग फळीवरून आरडाओरडा झाला. 'कुनाचा कागद हाय रे हा?' थोरला धाकल्याला रे म्हनला, आयकलास का? दोन वर्सात तेवढाच एक रे.

भांडन? बोर्डाचं, दुसरं कशाचं. पेंटरनं लिवलं, 'महारुद्र गोपाळ झेरॉक्स'. आता हे वाचून मानूस काय समजंल? समजला का न्हाई, महारुद्र म्हंजी गोपाळचा पोरगा! एक गिऱ्हाईक थोरल्याला म्हनलं, वडील दिसत न्हाईत आज? आन वडील — धाकला — पलीकडं टेबलामागं खो खो हसायलेत. मीबी हसले, पन मी पदरात हसले, तो उघड हसला. दुसऱ्या दिवशी सुतार आला. तवापसनं फळी, दोन बोर्ड, आन मधी मी. 'माय, त्याला सांग, शाई संपली.' हातभर अंतर! फळी वरपतूर बी न्हाई, एकानं शिंकलं तर दुसऱ्याला कळतंय. पन न्हाई, माय, त्याला सांग. मी सांगते की. शाई संपली हे सांगते, आन वरून माझ्या पदरचं घालते — गोपाळ इचारायलाय, दादा जेवला का. थोरला उगंच कागद चाळतो. मग हळूच म्हनतो, सांग त्याला, जेवलो. — आता तुझा डबा हे सांगंल का? न्हाई न्हवं? मग.

तर माझं एवढंच काम कर. सकाळी कंप्युटरच्या पडद्यावर मशीनची दोन नावं दाखवलीस, एक काळं, एक रंगीत. चौथी शिकलेली हाय मी, दोन नावं वाचता येतेत मला. त्यांची अदलाबदल कर. दोन्ही कंप्युटरवर. काळं दाबलं का रंगीत निघावं, रंगीत दाबलं का काळं. ह्याचा कागद त्याच्याकडं, त्याचा ह्याच्याकडं. फोटो काळा निघंल? निघू दे. परभनीच्या डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो काढला, तोबी काळाच निघाला. मी म्हनले, रंगीत न्हाई का वो? तो हसला न्हाई. मानूस हसला न्हाई का समजून घ्यावं आपन. — काय झालं म्हंजी? काय न्हाई झालं. मी कुठं काय म्हनले? दोघांफुडं बोलशील तर बघ. फळी एवढी हाय, आन मी काय जलमभर हितं बसनार हाय व्हय? चहा पी, थंड व्हायलाय.

तुला बोलतील? बोलू दे. फोन आला तर म्हन, डबा नवीन हाय, मानसं वळखायला वेळ लागतो त्याला. कर, दाब, दाब — झालं? दुसऱ्याचंबी? धम्मदीप नाव न्हवं तुझं? गुनाचं लेकरू हाईस. चावी? धीर धर.

आले बघ. खाली मान घाल, वायर बघितल्यावानी कर. थोरला बसला. धाकल्याकडं गिऱ्हाईक हाय, बटन दाबायलाय… दाबलं. तुझ्या डब्याचा दिवा लुकलुकायलाय, बघ की. आन गुरगुरायलंय कुठं? थोरल्याकडं. धाकला मशीन ठोकायलाय, खालून वरून बघायलाय. आता हाक मारंल, माय म्हनून. मी काय ओ देत न्हाई. मला ऐकूच आलं न्हाई. मी मेले समज.

गप.

काय म्हनला? 'दादा, माझा कागद तिकडं आलाय का?' — दादा म्हनला न्हवं? तूबी आयकलास न्हवं? का माझ्याच कानाला… थांब. खुर्ची सरकली. थोरला उठला. कागद घेऊन उठला. अंगनातनं चाललाय, त्या अंगाला चाललाय, माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यानं.

मला कुनी हाक मारली का? न्हाई न्हवं?

ही घे तुझी चावी, ओच्यात होती. जा आता. मागं वळून हसू नकू. आन ते कुनी नीट करायला बोलावलं तर — गाडी बिघडलीय म्हन. जा की. चहा गार झाला, ऱ्हाऊ दे, मी पिते.