बर्फ पक्का आहे, बाबा म्हणतात

नाही, फोनवर काय लिहिलंय ते मला दाखवू नकोस, चष्मा घरी राहिलाय, आणि असता तरी वाचलं नसतं — तू आधी ते स्केट पिशवीत घाल. घाल म्हणतो ना! स्टॉकहोमहून गाडी हाणत आलास ते तुझं तू, मी आमंत्रण दिलं होतं? — हो, फोटो माझाच. लोकरी टोपी, दाढी, हातात काठी. ‘बर्फ पक्का आहे, एस्किलबाबा म्हणतात.’ माझ्या लेकीचा उद्योग, तूवा नाव तिचं. कामाला होती ती गिरणी बंद पडली तशी घरी आली, चाळिशी उलटलेली बाई, म्हणाली, बाबा, मी वेबसाइट काढते. काढ म्हटलं. कशावर? तर तेच ठरेना! आधी कुत्री — कुत्र्यांवर अख्खं जग लिहितंय. मग वजन उतरवणं — त्यावर तर जगापेक्षा जास्त. सगळा हिवाळा स्वयंपाकघरात एकच घोकणं, कुठं गर्दी कमी, कशाला जाहिरातवाले पैसे देतात. आपल्याला त्यातलं काही कळतं का, हा प्रश्नच नाही — खपतंय का, बस! शेवटी तिला सापडलं, की तुझ्यासारखे येडे रोज सकाळी एकच शोधतात, कुठल्या तळ्यावर बर्फ धरलाय, आणि सांगणारं कुणी नाही. स्केट विकणारे जाहिराती द्यायला एका पायावर तयार. ‘बाबा, धंदा आपल्या दारातच होता की!’ गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा हसली रे. मग मी कशाला तोंड उघडतोय?

तर ती कॉफी ओतताना विचारायची, मी सांगायचो, ती छापायची, तुम्ही गाड्या काढायचात. — मला कसं कळतं म्हणजे? उभा जन्म या बर्फाला भोकं पाडून मासे धरलेत, काठी आपटली की हाताला कळतं — म्हणजे कळायचं. आता गुडघे… गुडघ्यांना काय झालंय, धड आहेत. मागं एकदा पाय ठेवला आणि पायाखाली काळं पाणी हललेलं दिसलं, तेव्हापासून हा नावांचा धक्का ओलांडला नाही मी. खिडकीतून बघतो आणि सांगतो. खिडकीतून! असा बघू नकोस माझ्याकडं. तिला नाही माहीत.

आज तिला फोटो हवे होते. पुलाजवळचे, तिथं दोन तळी मिळतात, खालून पाणी वाहतं. विचारलं, बाबा, तिथं धरलाय ना? मी पाव चघळत म्हटलं, हातभर. मार्चातला बर्फ! दिसायला जाड, आतून ऊन खाऊन भुसभुशीत झालेला, कडकडत नाही, आधी काही सांगत नाही, गप्प असतो आणि सोडून देतो. एवढं मी शाळेतल्या पोरालाही सांगितलं असतं. तिला नाही सांगितलं. का? सांगितलं असतं तर म्हणाली असती, मग बाबा, तूच चल ना दाखवायला.

ते पांढरं दिसतंय, त्या लव्हाळ्यांच्या पलीकडं? बर्फ नाही तो. हंस आहेत. आणि बसलेले नाहीत, पोहतायत. ती तिकडंच वळली आणि मग दिसली नाही. फोन लागत नाही — बॅटरी उतरली असेल, तिची नेहमी उतरलेली असते — असेल ना? बचाववाल्यांना कळवलंय, शहरातून निघालेत. रस्ता लांबचा आहे. — तू? तू नाही जायचं! एकीला पाठवून बसलोय, आता तुला पाठवू? तू घरी जा. नाही — नको जाऊस. इथंच उभा राहा जरा.

थांब. — ऐकलंस? शिट्टी. स्केटवाले गळ्यात बांधतात ती. परत! तिची आहे, तिचीच, तिकडं दुसरं कोण आहे? — ती नाव ओढ इकडं, ती छोटी, उलटी पडलीय ती. ओढ, जड नाही! मी ती पुढं ढकलत जाणार, बर्फ फुटला तर नावेतच पडेन. हे दोरीचं टोक धर, हळूहळू सोड. पुलापर्यंत नाही पुरायची. संपली की हातातून सोडून दे, आणि बचाववाले आले की सांग, म्हातारा लव्हाळ्यांच्या उजव्या अंगानं गेलाय. आता एक अक्षर बोलू नकोस. शिट्टी ऐकू दे.