नारळ आणि तिसरी घंटा

निर्माता नेमकं करते काय, असं इचारता ना, मंग आयका.

अकोल्याले आमचं नाटक होतं, मी निर्माता. मुख्य काम धनराजचं. तो शाळेत मास्तर, घरच्यांसोबत नुकताच बौद्ध झालेला. पडद्यामागं रंगदेवतेची पूजा मांडली, अन् भटजी अडून बसले.

"हा स्टेजवर राहीन, तर मी नारळ फोडत नाही. दुसरा उभा करा."

दुसरा कुठून आणू? अन् आणू तरी कावून? मी नारळ उचलून धनराजच्या हातात देला. म्हटलं, "तूच फोड."

तो शांतपणे म्हणे, "भाऊ, मी आता पूजा करत नाही. नाटक करतो."

झाली पंचाईत. बाहेर लोक शिट्ट्या मारून राहिले, अन् नारळ फोडल्याशिवाय आमचा पडदा कधी वर गेला नव्हता. सगळे माह्या तोंडाकडे पाहून राहिले.

मी नारळ घेतला अन् भटजीच्या हातात ठेवला. "घरी न्या, खोबरं खा. चला रे, तिसरी घंटा वाजवा."

पडदा वर गेला. नाटक कसं झालं म्हणता? भटजी शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर नारळ घेऊन.