शमसूभाईंनी तडकवलेला टब

मंडळी, बसलात का सगळे? अहो, पंखा डावीकडे आहे म्हणून सगळे डावीकडे सरकू नका, देव मधे आहे! हं. आता एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको.

समजा, तुमच्यावर कुणी उपकार केला. लहानसहान नव्हे, मोठा! तुमची चूक पोटात घातली, चारचौघांत तुमची मान खाली जाऊ दिली नाही. आणि तुम्ही आभार मानायच्या आत तो माणूस गेला की हो! देवाघरी गेला! आता ते आभार न्यायचे कुठे? द्यायचे कुणाला?

जोगळेकरकाका पुढून म्हणताहेत, "फोटोला हार घालायचा." घाला की! जरूर घाला! पण काका, हार घालून झाला तरी छातीवरचं ओझं उतरतं का? खरं सांगा. नाही ना? मग ऐका. आज मी तुम्हाला एका टबाची गोष्ट सांगणार आहे.

हसू नका! टबच म्हणालो! आंघोळीचा टब! आता तुम्ही म्हणाल, बुवांना झालंय काय? पूर्वरंगात नामाचा महिमा, आणि उत्तररंगात न्हाणीघर? अहो, देव काय फक्त गाभाऱ्यातच भेटतो?

आपल्या डोक्यावर हे माथेरान आहे. तिथे साहेबाच्या काळातले जुने बंगले आहेत, आणि त्या बंगल्यांत टब आहेत. आपल्यासारखी प्लास्टिकची बादली नव्हे हो! ओतीव लोखंड! चार माणसांना हलायचा नाही एवढा जड. आतून दुधासारखा पांढरा मुलामा, आणि खाली चार पाय. पाय कसले? वाघाचे पंजे! नखांसकट! आपण वाघाला बघून आंघोळ विसरू, साहेब वाघाच्या पाठीवर बसून आंघोळ करायचा!

पण शंभर वर्षांनी तो मुलामा उडतो, गंज चढतो, टब पिवळा पडतो. मग तो पुन्हा नवा करणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आपले शमसूभाई. शमसुद्दीन कल्हईवाले. आपल्या देवळाच्या महाप्रसादाची पातेली वर्षानुवर्षं त्यांनीच उजळली, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

पण पुढे घरोघरी स्टील आलं आणि कल्हईचा धंदा बसला. हातात कला, आणि दारात कुणी नाही! तेव्हा शमसूभाईंनी चाळिशी उलटल्यावर हे नवं काम शिकून घेतलं. जुना मुलामा खरवडायचा, गंज काढायचा, तेजाबाने धुवायचं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, आणि वरून नव्या पांढऱ्या मुलाम्याचे हात फवारायचे. माथेरानला मोटार जात नाही, आणि टब काही डोंगर उतरून येत नाही. मग हाच बाबा सामान खांद्यावर मारून वर चढायचा. एका बंगल्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. चूल पुन्हा नीट पेटायला लागली.

अशात बोलावणं आलं धनबाईंचं. पारशी बाई, वय ऐंशीच्या घरात, एकट्या. सोबतीला फक्त भिवा माळी. बाईंचे गुडघे असे धरलेले की सकाळी पलंगावरून उठताना डोळ्यांत पाणी यायचं. औषधं सतरा झाली. आराम एकाच गोष्टीने पडायचा. कढत पाण्याने भरलेल्या त्या टबात अर्धा तास बसलं, की बाई स्वतःच्या पायांनी व्हरांड्यात येऊन चहा घ्यायच्या. पण मुलामा इतका उडाला होता की टबाचा तळ अंगाला खरचटायचा. म्हणून शमसूभाईंना बोलावलं.

दोन दिवस खरवडणं झालं, धुणं झालं. आणि माथेरानचं ते भाद्रपदातलं धुकं! खिडकीतून आत यायचं आणि टबावर दव होऊन बसायचं. ओल्या लोखंडावर मुलामा धरत नाही. शमसूभाई थांबले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस! आणि रोज सकाळी धनबाई काठी टेकत दारात यायच्या. "शमसू, डिकरा, बेटा, आज होईल काय?" ते म्हणायचे, "उद्या, बाईसाहेब." मग बाई भिंतीला धरून परत जायच्या. ते परत जाणं काही शमसूभाईंना बघवेना.

आणि मंडळी, इथे चूक झाली. कुणाची? आळशाची? चोराची? नाही हो! कळवळ्याने झाली!

कल्हईवाल्याच्या पोराला बाप पहिली गोष्ट काय शिकवतो? भांडं तापव! भाता मार, भांडं लाल कर, नवसागर टाक, मग कल्हई धरेल. तीस वर्षं ज्या हाताने भांडी तापवली, तो हात म्हणाला, "लोखंड ओलं आहे ना? मग तापव की!" शमसूभाईंनी कोळशाची शेगडी पेटवली, टबाच्या पोटाखाली सरकवली, आणि पंख्याने वारा घालत बसले. अहो, पण तांबं वेगळं आणि ओतीव लोखंड वेगळं! तांबं सोसतं. ओतीव लोखंड एकीकडे तापलं आणि दुसरीकडे थंड राहिलं, की...

तबलजी, मारा बरं एक कडेवर! टण्ण! हां, अस्साच आवाज झाला! टब तडकला! डाव्या कुशीला, वीतभर!

शमसूभाईंनी शेगडी बाहेर ओढली. भिवा धावत आला, बघितलं, आणि हळूच म्हणाला, "भाई, केसाएवढी तर आहे. लांबी भरा, वरनं पांढरं मारा. देवाला सुद्धा दिसायची नाय."

देवाला दिसायची नाही म्हणे! काय हो, किती जणांनी आयुष्यात असंच कुठे ना कुठे पांढरं मारलंय? हात वर करू नका, शेजारी बघताहेत!

आणि भिवाचं चुकीचं नव्हतं. खरंच दिसली नसती. पण शमसूभाईंना पक्कं ठाऊक होतं की लांबी थंड पाण्याला टिकेल. चार बादल्या कढत पाणी पडलं की चीर उघडणार, आज नाही तर महिन्याने टब दुभंगणार, आणि आत कोण असणार? ऐंशी वर्षांची बाई, जिला धड उठता येत नाही! आणि खरं सांगावं, तर डोंगरावर बोंब होणार की कल्हईवाल्याने टब फोडला. सगळे बंगले बंद. घरी बायको, दोन मुली. सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

शमसूभाईंनी हात धुतले, टोपी सारखी केली आणि व्हरांड्यात गेले. म्हणाले, "बाईसाहेब, गुन्हा झालाय माझ्याकडून. टब तडकला. शेगडी लावली मी. माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

धनबाई विचारतात काय? "कुठल्या बाजूला?"

आता हा काय प्रश्न झाला? घर पेटलं म्हणून सांगावं आणि समोरच्याने विचारावं, दार पूर्वेला होतं का!

"डावीकडे, बाईसाहेब."

आणि बाई हसायला लागल्या! पदर तोंडाला लावून हसताहेत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! म्हणाल्या, "जा. उजव्या बाजूला खाली आडवा हो. चाकूने काळा रंग जरा खरवड. काय दिसतं ते येऊन सांग."

शमसूभाई गेले. त्या वाघाच्या पंजाशी गाल टेकून आडवे झाले, रंग खरवडला. खाली काय? तांबं! तांब्याच्या बारीक खिळ्यांची रांग, एकाला एक भिडवून ठोकलेली. जुनी चीर! कुणीतरी बाहेरूनच तांब्याने शिवलेली, म्हणून आतून खरवडताना लक्षातच आली नव्हती!

परत आले तर बाई सांगायला लागल्या. "मी एकोणीस वर्षांची होती. लग्न होऊन महिना झाला होता. डिसेंबरची थंडी. मला घाई, मी कढ आलेलं पाणी त्या थंडगार टबात ओतलं. टण्ण! टब सासऱ्याच्या वडिलांचा! अरे बावा, मी थरथर कापत उभी. माझी सासू आली, शिरीनमाय. कडक बाई! सगळं घर तिला घाबरायचं. तिने टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, 'तू केस पुसून घे, सर्दी होईल.' बस! दुसऱ्या दिवशी खालून कारागीर आला. घरात तिने सांगितलं, टब जुना झाला होता. माझं नाव नाय घेतलं. कधीच नाय! भांडण झालं तरी नाय! मी रोज म्हणायची, उद्या तिचे पाय धरीन, उद्या थँक यू बोलीन. मला लाज वाटायची. आणि एक दिवस ती गेली. साठ वर्षं हे माझ्या गळ्याशी अडकलंय, शमसू."

मग बाईंनी त्यांचा काळवंडलेला हात हातात घेतला. "आज तू आलास आणि तेच बोललास जे मी त्या दिवशी बोलू शकली नाय. आता मला तिचे आभार मानता येतील. जा डिकरा, तोंड धुऊन घे. टब जुना झाला होता."

विठ्ठल! विठ्ठल! अहो, क्षमा करणारी बाई आभार मानते आहे! काय म्हणावं याला?

शमसूभाईंनी तोंड धुतलं आणि कामाला लागले. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग तांब्याचे खिळे, एकाला एक भिडवून, हलक्या हाताने ठोकले. ते काम मात्र नवं नव्हतं हो, तांबं तर त्यांच्या घरातलंच! टब कोमट पाण्याने भरला, मग ऊन, मग कढत, आणि स्वतः फरशीवर पालथे पडून तासभर खाली बघत राहिले. एक थेंब? नाही! मग धुकं हटेपर्यंत थांबले. बाई सकाळी दारात यायच्या आणि म्हणायच्या, "घाई नाय, हां!" ऊन पडलं, मुलामा मारला, वाळू दिला.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी शमसूभाई बाहेर व्हरांड्यात बसून होते. अर्ध्या तासाने बाई आल्या. भिंत न धरता! गालांवर लाली, पांढरे केस ओले. खुर्चीत बसल्या आणि भिवाला म्हणाल्या, "दोन कप चहा आण. एक माझ्या शमसूला." शमसूभाई उठले, पाया पडायला गेले, म्हणाले, "बाईसाहेब, तुमचे हे उपकार मी कसे फेडू?" बाई म्हणाल्या, "मला नको देऊस. माझा हिशोब शिरीनमायशी होता, तो झाला. तुझ्यासमोर कुणी कापत उभं राहील, त्याला दे."

आता तुम्ही विचाराल, बुवा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? स्वतः शमसूभाईंनी. कधी सांगितलं? तेही सांगतो. सांगायला जीभ जड होतेय, पण सांगतो.

माझ्या थोरल्याचं लग्न झालं. सूनबाई घरात येऊन आठ दिवस झाले होते. त्या दिवशी शमसूभाई आमच्या अंगणात बसून आमच्या आईच्या हातच्या पितळी पातेल्यांना कल्हई करत होते. सुनेने नुकतं उजळलेलं एक पातेलं रिकामंच गॅसवर ठेवलं आणि फोन घ्यायला गेली. कल्हई वितळली, पातेलं काळं! आणि मी, हा कीर्तनकार, लोकांना क्षमा शिकवणारा! अंगणात उभं राहून ओरडलो तिच्यावर! शेजारपाजार गोळा झाला. पोर कापत उभी.

शमसूभाईंनी ते पातेलं माझ्या समोरून उचललं, पुन्हा भट्टीवर धरलं, चकचकीत करून सुनेच्या हातात दिलं. म्हणाले, "बेटी, पातेलं जुनं झालं होतं." मग मला बाजूला बसवून ही सगळी हकीकत सांगितली.

आणि मंडळी, मला आठवलं, माझ्या पहिल्या कीर्तनात मी आख्यान विसरलो होतो. पुढचं काही सुचेना! पेटीवरच्या दामूअण्णांनी मोठ्याने नामाचा गजर धरला, लोकांना वाटलं बुवा रंगात आले! अण्णा जन्मात कुणाला बोलले नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते गेले. ते आभार मला माझ्या सुनेला द्यायचे होते हो! आणि मी काय दिलं?

तीन वर्षं झाली. शमसूभाईंच्या गोष्टीने माझे डोळे उघडले, पण तोंड उघडलं नाही. अहंकार! बुवा कसे माफी मागणार?

सूनबाई, मृदुला बाळ, तू बायकांत तिसऱ्या रांगेत बसली आहेस, मला दिसतेय. मान खाली घालू नकोस. या नारदाच्या गादीवर उभा राहून, या सगळ्यांच्या देखत सांगतो. त्या दिवशी चूक पातेल्याची नव्हती, तुझी नव्हती. माझी होती. तरी या तीन वर्षांत माझ्या ताटात तू एकदाही थंड पोळी वाढली नाहीस. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, पोरी.

आता मंडळी, मी मोकळा झालो. टाळ खाली ठेवतो. तुम्ही मात्र घरी जाताना एवढं आठवा, तुमचं कुणी झाकलं होतं? आणि आज तुमच्या घरात तुमच्यासमोर कोण कापत उभं आहे? आरती नंतर होईल. ज्याला घरी जाऊन कुणाशी बोलायचं असेल, त्याने आत्ता उठून गेलं तरी पांडुरंग रागावणार नाही.